दुकानांच्या ओळीतला किनारा

तेलोक आयर स्ट्रीटवर समुद्रदेवीचं देऊळ आहे, पण देवीसमोर समुद्र नाही. समोर बँका आहेत, वकिलांची ऑफिसं आहेत, आणि दुपारच्या सुट्टीत खाण्याच्या दुकानांपुढे रांगा लावणारी, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरणी मंडळी आहेत. थियान हॉक केंग हे देऊळ १८३९ ते १८४२ या काळात बांधलं गेलं तेव्हा भरतीचं पाणी रस्त्याला लागत होतं. चीनच्या फुजियान प्रांतातून शिडाच्या जहाजात दाटीवाटीने आलेला माणूस जिवंत उतरला की आधी माझू देवीला उदबत्ती लावी आणि मग कामाच्या शोधाला लागे. आज देवळाच्या पायरीवरून निघून पाणी गाठायचं म्हटलं तर ऑफिसांच्या रांगांमागून रांगा ओलांडाव्या लागतात, आणि शेवटी जे पाणी लागतं तेही खारं नाही. २००८ साली मरीना बराज बांधल्यापासून खाडीचा तो भाग गोड्या पाण्याचा तलाव झाला आहे.

सिंगापूर पायी बघायचं असेल, आणि चालता चालता थोडा बाजारहाटही उरकायचा असेल, तर हा बुजलेला किनारा धरून चालावं. एका टोकाला तेलोक आयर, दुसऱ्या टोकाला अरब स्ट्रीट. मधे फार तर चार किलोमीटर. गाइड लागत नाही. किनारा डोळ्यांना दिसत नसला तरी दुकानं तो बरोबर दाखवतात. मी वेंगुर्ल्याची. आगबोटी बंद झाल्या तरी आमच्याकडे बाजाराचं तोंड बंदराच्या रस्त्याकडेच राहिलं, हे पाहत मोठी झालेली. व्यापारी पाण्याच्या मागे येतो, पण पाणी हटलं म्हणून लगेच बाडबिस्तरा आवरत नाही. गिऱ्हाइकाला सवय झालेली असते, भाडं जुनं असतं, उधारी अडकलेली असते. सिंगापुरात पाणी माणसांनी हटवलं, चांगलं लांबवर हटवलं, तरी दुकानांची ओळ पुष्कळशी जिथल्या तिथे राहिली.

१९८१ साली लग्न होऊन इथे आले आणि रॉबिन्सन रोडवर एका शिपिंग एजंटाकडे टायपिस्ट म्हणून लागले. आमचे साहेब हॉक्केन चिनी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जमिनीकडे बोट दाखवून सांगितलं, "तुमचं टेबल आहे ना, तिथे माझे पणजोबा मासे धरायचे." तेव्हापासून हा नाद लागला तो लागलाच.

सकाळी आठच्या आत निघावं. ऊन चढलं की इथे चालण्यातली मजा जाते. आधी फार ईस्ट स्क्वेअरमध्ये नारळ-अंड्याची काया लावलेला टोस्ट, अर्धकच्ची अंडी आणि कॉफी. दूध-साखर नको असेल तर ‘कोपी ओ कोसोंग’ म्हणायचं. तिथेच फुक ताक ची हे १८२४ सालचं हाक्का आणि कॅन्टनी लोकांचं देऊळ आहे. आता ते छोटं संग्रहालय झालंय आणि आत जुन्या तेलोक आयरचा मातीच्या बाहुल्यांचा देखावा मांडलेला आहे. तो आधी पाहून घ्यावा, म्हणजे रस्त्यावर काय नाहीसं झालंय ते कळतं. पुढे त्याच रस्त्याला तमिळ मुसलमानांनी, म्हणजे इथल्या भाषेत चुलियांनी, १८२७ साली उभी केलेली अल-अब्रार मशीद आहे आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत बांधायला घेतलेला नागोर दर्गा. तमिळ किनाऱ्यावरच्या नागोरच्या पिराला खलाशी मानत. सगळे एकाच ओळीत, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. नवस फेडायला दर्यावर्द्यांना लांब जायला लावायचं नाही, एवढं नगररचनेचं तत्त्व त्यात होतं. आणि जिथे नवस फेडणारे, तिथे उदबत्त्या विकणारे, दोरखंड विकणारे, गावी पैसे पोचवणारे, पत्रं लिहून देणारे.

माझूच्या देवळात शिरलात तर देवीबरोबर कुंपणही बघा. खांब चीनमधून आलेल्या ग्रॅनाइटचे, त्यांवर ड्रॅगन कोरलेले. आणि लोखंडी कठडे स्कॉटलंडच्या ग्लासगोहून. बंदरातलं देऊळ असंच होणार. जहाज जे आणील ते बांधकामाला.

पाणी गेलं कुठे? १८७९ पासून १८८७ पर्यंत माउंट वॉलिच नावाची टेकडी खणून तिची माती तेलोक आयरच्या खाडीत ओतली गेली. त्या भरावावर सेसिल स्ट्रीट आणि रॉबिन्सन रोड आले. मुंबईकराला यात नवल वाटू नये. मस्जिद बंदर स्टेशनवर उतरून बंदर शोधणारा नवखा माणूस आणि देवीसमोर समुद्र शोधणारा पर्यटक सारखेच फसतात. फरक वेगाचा आहे. साठच्या दशकात सिंगापूरचं क्षेत्रफळ ५८० चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, आज ७३० च्या वर आहे.

या भरावामुळे सगळ्यात जास्त फजिती झाली ती बाजाराची. तेलोक आयरचा पहिला मासळीबाजार पाण्यात खांब रोवून त्यावर उभा होता. होडी खाली लागे आणि मासळी थेट वर चढे. भराव पडला आणि बाजार जमिनीत अडकला. मग शहराचे इंजिनिअर जेम्स मॅक्‌रिची यांनी १८९४ साली नव्या जागी नवा बाजार बांधला, ग्लासगोहून ओतीव लोखंडाचे खांब आणून. जुन्याचा अष्टकोनी आकार तेवढा राखला. हाच आजचा लाउ पा सात. १९७३ मध्ये मासळी जाऊन तिथे खाण्याच्या टपऱ्या आल्या, आणि ऐंशीच्या दशकात जमिनीखाली मेट्रोचं काम निघाल्यावर अख्खा सांगाडा सुटा करून ठेवला आणि काम संपल्यावर परत जोडला. आत उभं राहून वर बघा, नक्षीदार कमानींतून वारा कसा खेळतो ते. मासळीचा वास जावा म्हणून केलेली सोय आता साते भाजल्याच्या धुराला उपयोगी पडते.

याच मॅक्‌रिचींच्या कारकिर्दीत दुकानदारांचा एक दंगा झाला होता, तो सांगायलाच हवा, कारण खरेदीला निघालेला माणूस दिवसभर ज्या सावलीतून चालतो ती त्या भांडणाची जागा आहे. सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्सने १८२२ साली शहर आखून देताना हुकूम काढला, की प्रत्येक घरापुढे सलग, छप्पर असलेली, सगळ्यांना जायला-यायला मोकळी पडवी हवी. हीच इथली ‘फाइव्ह-फुट वे’. पाऊस असो, ऊन असो, या पडवीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडं जाता येतं. कागदावर. प्रत्यक्षात दुकानदाराला पडवी म्हणजे आपलंच अंगण. पोती बाहेर, टोपल्या बाहेर, न्हावी बाहेर, शिंपी बाहेर. फेब्रुवारी १८८८ मध्ये नगरपालिकेने पडव्या मोकळ्या करायला सुरुवात केली आणि शहर पेटलं. दुकानं बंद, ट्रामवर दगड, तीन दिवस गोंधळ. शेवटी तडजोड झाली: माल ठेवा, पण माणूस जाईल एवढी वाट सोडा. आजही अरब स्ट्रीटला नेमकी तेवढीच वाट सोडलेली असते, तसूभर जास्त नाही.

लाउ पा सातपासून पाच-दहा मिनिटांत रॅफल्स प्लेस. इथे एक टेकडी होती. १८२२-२३ मध्ये ती सपाट केली आणि तिची माती नदीच्या दक्षिण काठावरच्या दलदलीत टाकली. सिंगापूरचा पहिला भराव तो. टेकडीच्या जागी कमर्शियल स्क्वेअर झाला, १८५८ मध्ये त्याचं नाव रॅफल्स प्लेस. गोऱ्यांची मोठी दुकानं सगळी इथे. त्यांतलं जॉन लिटल हे नाव इथल्या प्रत्येक जुन्या माणसाला माहीत, पण मूळ पाटीवर ‘लिटल, करसेटजी आणि कंपनी’ होतं, हे थोड्यांना. १८४५ साली जॉन लिटलचा भागीदार होता करसेटजी फ्रामरोझजी, पारशी. १८५३ मध्ये भागीदारी मोडली आणि पाटीवरून पारशी नाव उतरलं. पुढे दीडशे-एक वर्षं लिटल टिकला आणि आता तोही नाही. मेट्रोच्या रॅफल्स प्लेस स्टेशनचं जे पांढरं नक्षीदार दार आहे ते त्याच्या दुकानाच्या दर्शनी भागाची नक्कल. लोक त्याच्या सावलीत फोन बघत उभे असतात. पारशी मंडळींची खूण इथून दक्षिणेला पार्सी रोडवर सापडते. आणि मिस्त्री रोडवर, सोडावॉटरच्या धंद्यात पैसा करून इथल्या सरकारी इस्पितळाला मोठी देणगी देणाऱ्या नवरोजी मिस्त्रींच्या नावाने.

समोरच रॉबिन्सन्सचं दुकान होतं, १८५८ पासूनचं. २१ नोव्हेंबर १९७२ च्या आगीत ती इमारत जळून गेली आणि ९ माणसं दगावली. दुकान ऑर्चर्ड रोडला गेलं, आणि त्याच्याबरोबर शहराची खरेदीही पाण्यापासून कायमची आत सरकली. आज पर्यटकांना खरेदीसाठी ऑर्चर्ड रोडला धाडतात. तिथे जायला माझी हरकत नाही, पण तिथे जे मिळतं ते फिनिक्स मॉलमध्येही मिळतं.

रॅफल्स प्लेस आणि कॉलियर की यांच्या मधली गल्ली म्हणजे चेंज अ‍ॅली. १९८१ मधली ती माझ्या चांगली लक्षात आहे, कारण पगार झाला की आम्ही ऑफिसातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत तिथे पळायचो. दोन माणसं छत्र्या उघडून समोरासमोर आली तर अडतील एवढीच रुंदी. वर ताडपत्री, दोन्ही बाजूंना घड्याळं, चामड्याच्या पिशव्या, लायटर, टीशर्ट, लाकडाचे हत्ती. तोंडाशी पैसे बदलून देणारे तमिळ मुसलमान, मुठीत नोटांची चळत. दिनार म्हणा, रूबल म्हणा, ते वर न बघता भाव सांगत. दुकानदार माणसाच्या चपला बघून भाषा ठरवत असावेत, कारण माझ्याशी पहिल्या वाक्यापासून हिंदी आणि माझ्या मैत्रिणीशी मलाय. किंमत तोंडाने कोणी सांगत नसे. कॅल्क्युलेटर पुढे करायचे, आपण आकडा बदलून परत द्यायचा, त्यांनी कपाळाला हात लावायचा, आपण वळून दोन पावलं टाकायची. तिसऱ्या पावलाला हाक. मी घेतलेली निळी प्रवासी बॅग पाच वर्षं वेंगुर्ल्याला ये-जा करत होती.

३० एप्रिल १९८९ ला ती गल्ली बंद झाली. आता त्या नावाचा वातानुकूलित बोळ आहे, चकचकीत. नाव तेवढं उचलून नव्या इमारतीला लावण्याची ही इथली रीत मला पटत नाही. पाडायचं तर खुशाल पाडा, शहर तुमचं आहे. पण मग नावालाही सुट्टी द्या.

गल्लीतून बाहेर पडलं की कॉलियर की, आणि पलीकडे क्लिफर्ड पियर, १९३३ सालचा. बोटीने आलेला खलाशी पियरवर उतरे, रस्ता ओलांडे आणि सरळ चेंज अ‍ॅलीत घुसे. गल्ली तिथेच का होती याचं दुसरं काही कारण नाही. पियरवरची बोटींची वाहतूक २००६ मध्ये थांबली. तो आता हॉटेलवाल्यांच्या ताब्यात आहे. चहा परवडणारा नाही, पण छताच्या कमानी बघायला पैसे पडत नाहीत.

डावीकडे वळून नदीच्या मुखाशी या. नदीत तेव्हा पडाव होते. इथे त्यांना तोंगकांग आणि त्वाको म्हणत. नाळेवर दोन मोठे डोळे रंगवलेले, पाण्यातली वाट दिसावी म्हणून. बाहेर समुद्रात उभ्या जहाजांवरून माल उतरवून घ्यायचा आणि बोट कीच्या गोदामांशी आणायचा. फळीवरून पोतं पाठीवर घेऊन चढणाऱ्या हमालाच्या हातात दर खेपेला एक पट्टी ठेवली जाई. संध्याकाळी पट्ट्या मोजून मजुरी. पाणी काळं, वास असा की ऑफिसची खिडकी उघडता येत नसे. १९७७ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांत नदी साफ करायचं फर्मान काढलं, १९८३ मध्ये पडाव पासिर पांजांगला हलवले, आणि एका सकाळी मी कामावर गेले तर नदी रिकामी. आमच्या ऑफिसातला बोटींचा हिशेब ठेवणारा म्हातारा कारकून त्या दिवशी काही बोलला नाही, नेहमीसारखी कॉफी प्यायला, आणि महिन्याभरात त्याला घरी बसवलं. नदी साफ झाली हे चांगलंच झालं. गोदामांचे मात्र दारूचे अड्डे झाले आणि त्यांना असे भडक रंग फासले, की कधी त्यांत रबर, मिरी आणि सुकी मासळी भरलेली असे यावर कोणाचा विश्वास बसू नये.

आता कॅव्हेना ब्रिज. इथे थांबा. पुलाच्या तोंडाशी जुनी पाटी आहे: भरलेलं वजन तीन हंड्रेडवेटच्या वर असलेल्या वाहनांना, तसंच सगळ्या गुराढोरांना आणि घोड्यांना या पुलावरून जायला मनाई; पोलीसप्रमुखांचा हुकूम. तीन हंड्रेडवेट म्हणजे दीडशे किलोच्या आसपास. पूल १८६९ सालचा, लोखंड पुन्हा ग्लासगोचं. बांधला इतका बुटका, की भरतीला पडाव खालून जात नसत, ओहोटीची वाट बघत तिष्ठत राहत. १९१० मध्ये शेजारी अँडरसन ब्रिज झाला आणि यावरून फक्त माणसांनी चालायचं ठरलं.

ज्याचं नाव पुलाला आहे तो ऑर्फर कॅव्हेना १८५९ ते १८६७ इथला गव्हर्नर होता, कलकत्त्याहून कारभार चालायचा त्या काळातला शेवटचा. तरुणपणी तो कंपनीच्या फौजेत होता. २९ डिसेंबर १८४३ रोजी ग्वाल्हेरजवळ महाराजपूरच्या लढाईत त्याचा एक पाय गेला. तोफगोळा होता शिंद्यांच्या तोफखान्याचा. इंग्रज ती लढाई जिंकले, पण शिंद्यांच्या गोलंदाजांनी त्यांना चांगलंच रक्तबंबाळ केलं होतं. त्यानंतर लाकडी पायाचा हा माणूस एका बेटाचा कारभारी झाला, आणि पायी चालणाऱ्यांसाठी राखलेल्या पुलावर त्याचं नाव आहे. आमच्याकडे आलेल्या मराठी पाहुण्यांना मी ही गोष्ट पुलाच्या बरोबर मधे उभं करून सांगते.

आणि पुलाला हात लागले ते हिंदुस्तानी कैद्यांचे. हा त्यांच्या हातच्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक. १८२५ पासून कंपनी सरकार हिंदुस्थानातले जन्मठेपेचे कैदी इथे पाठवू लागलं. बंगालचे, मद्रासचे, मुंबई इलाख्याचेही. घरच्यांच्या लेखी ते काळ्या पाण्यावर गेले, मेले. इथल्या सरकारच्या लेखी ते फुकटचे गवंडी, सुतार, लोहार, पाथरवट. दलदली त्यांनी भरल्या, रस्ते त्यांनी काढले, कॉलियर कीची समुद्राकडची भिंत त्यांनी बांधली, सेरांगून रोडला विटांच्या भट्ट्या त्यांनी चालवल्या, आजचं राष्ट्रपती भवनही त्यांच्याच हातचं. तुरुंगाची गंमत अशी, की पहारेकरीही कैद्यांतूनच नेमलेले. १८७३ मध्ये ही व्यवस्था गुंडाळली. तोवर अंदमान सुरू झालं होतं. सुटलेल्यांपैकी कितीतरी परत गेलेच नाहीत. गाड्या हाकल्या, गुरं पाळली, दूध विकलं, लहानसहान दुकानं टाकली.

त्यांचं उत्तम काम बघायचं तर पाडांग मैदानाच्या पलीकडे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलमध्ये जा. १८५६ ला पाया, १८६१ मध्ये पहिली प्रार्थना. आराखडा रोनाल्ड मॅक्‌फर्सनचा, हात कैद्यांचे. आत गेलात की एखाद्या खांबाला तळवा लावून बघा. गार, गुळगुळीत, लोण्यासारखा. तो मद्रासी चुना आहे. शिंपल्यांचा चुना, अंड्यातला पांढरा बलक आणि जाडीभरडी साखर कुटून एकजीव करायची, नारळाची सोडणं भिजवलेल्या पाण्यात ते कालवायचं, भिंतीला थापायचं आणि सुकल्यावर स्फटिकाच्या किंवा गुळगुळीत गोट्याने तासन्‌तास घोटायचं. कोकणातल्या माणसाला यातली एकही वस्तू परकी नाही. अशा किती हातांनी किती दिवस घोटलं असेल, आणि त्यांतला एकही त्या प्रार्थनेला आत बसलेला नसेल.

कैद्यांची ही ने-आण दुहेरी होती, हे महाराष्ट्रात फार कमी लोकांना माहीत असतं. इकडच्या वसाहतींतले चिनी आणि मलायी कैदी मुंबई इलाख्यात धाडले जात. महाबळेश्वरच्या तुरुंगात ते १८६४ पर्यंत होते. तिथे ते भाजीपाला आणि बटाटे लावत, वेताच्या टोपल्या विणत. महाबळेश्वरला ‘चायनामन्स फॉल’ म्हणून जो धबधबा दाखवतात, त्याचं नाव त्यांच्यामुळेच.

पाडांगच्या मैदानावर ५ जुलै १९४३ ला सुभाषबाबूंनी आझाद हिंद फौजेची पाहणी केली, आणि त्याच ऑक्टोबरात इथून जवळच वॉटर्लू स्ट्रीटवर झाशी राणी पलटणीची छावणी सुरू झाली. तांब्यांच्या मनूचं नाव इतक्या लांबवर येऊन पोचलं. वेळ असेल तर नदीकाठच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये डोकवा. नवव्या शतकात बेलितुंग बेटाशी बुडालेल्या अरबी बांधणीच्या जहाजावरचा माल तिथे आहे. खिळे नसलेलं, काथ्याने टाके घालून शिवलेलं जहाज, आणि पोटात हजारो चिनी वाडगे, मोठ्या रांजणांत गोल गोल रचून भरलेले. पाहुण्यांच्या सुटकेसा भरून देताना मला तेच रांजण आठवतात.

पुढे बीच रोड. बीच नाही हे आता सांगायला नको. १८८७ साली सार्कीस बंधूंनी रॅफल्स हॉटेल उघडलं तेव्हा ते समुद्रासमोर होतं. आज मधे सनटेकच्या इमारती आहेत. तिथे फार रेंगाळू नका. सरळ चालत अरब स्ट्रीट गाठा.

कापडाचा बाजार इथेच का? कारण इथे बुगी लोक उतरत. सेलेबीस बेटाकडचे हे दर्यावर्दी. वाऱ्याचा हंगाम साधून दरवर्षी त्यांची शिडाची गलबतं येऊन लागत, चंदन, कासवाच्या पाठी, पाखरांची घरटी, सोन्याचा चुरा घेऊन. आणि परत जाताना मुख्यतः कापड नेत, त्यात पुष्कळसं हिंदुस्थानचं. अरब व्यापारी, जावानी, गुजराती, सगळे या गिऱ्हाइकाभोवती गोळा झाले. गलबतं गेली, मधला समुद्र गेला, कापड राहिलं. आजही पडवीत ताग्यांचे मनोरे असतात, लेस, बाटिक, जरीचं सोंगकेत. दुकानदार मीटरमध्ये बोलतो, पण पितळी पट्टी वाराची. घासाघीस चालते, मात्र चेंज अ‍ॅलीसारखं नाटक नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर वेताच्या टोपल्यांची दुकानं आहेत, पूर्वीपेक्षा कमी झालेली. महाबळेश्वरची गोष्ट सांगितली असेल तर पाहुणे एक टोपली घेतातच.

शेजारच्या बसोरा स्ट्रीटवर सुलतान मशिदीचा सोनेरी घुमट दिसतो. आजची मशीद १९३२ मध्ये पुरी झाली. घुमटाखालचा काळसर पट्टा जवळून बघा: काचेच्या बाटल्यांची बुडं आहेत ती. पैसे देणं ज्यांना जमत नव्हतं त्यांनी बाटल्या दिल्या, म्हणजे त्यांचाही हात लागला. हज यात्रेला बोटी होत्या तोवर साऱ्या द्वीपसमूहातले यात्रेकरू याच गल्लीत येऊन राहत, मुंबईत मुसाफिरखान्यात राहत तसे. अंथरुणं, कमरेचे कसे, अत्तरं, टोप्या, सगळा तो बाजार. विमानं आली आणि यात्रेकरू विमानतळावरून परस्पर जाऊ लागले. अत्तरवाले तेवढे टिकले.

पाय दुखत नसतील तर बीच रोडवर आणखी पुढे हज्जा फातिमाची मशीद बघा, १८४६ सालची. मलाक्काची ही बाई एका बुगी व्यापाऱ्याला दिली होती. नवरा गेल्यावर तिने त्याची गलबतं आणि व्यापार स्वतः चालवला. घरावर दरोडा पडला, घर जाळलं, ती वाचली, आणि त्याच जागी तिने मशीद बांधली. मिनार कललेला आहे. बायकांचं नाव असलेल्या मशिदी थोड्या, म्हणून मी पाहुण्या बायकांना इथे मुद्दाम आणते. पुरुष मंडळी तोवर चहा पितात.

किनाऱ्याचं काम अजून संपलेलं नाही. ईस्ट कोस्टच्या समोर ‘लाँग आयलंड’ नावाचा ८०० हेक्टरचा नवा भराव घालायची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली आहे. आज तिथे वाळूवर बसून खेकडे खाणाऱ्यांच्या नातवंडांना समोर काय दिसेल, देव जाणे.

एवढं सगळं पायाखालून घातल्यावरही पाहुण्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला: मुस्तफा किती लांब? जवळच आहे, सय्यद अल्वी रोडवर. हा भाग किनारा नव्हे. इथे गुरांचे गोठे होते, म्हणून बफेलो रोड, म्हणून त्याच अर्थाचा मलाय केरबाऊ रोड, आणि गुरांच्या मागोमाग हिंदुस्तानी माणूस. मुस्ताक अहमद यांनी सत्तरच्या दशकात कॅम्पबेल लेनवरच्या लहानशा दुकानातून सुरुवात केली. १९९५ पासून आजचं मुस्तफा सेंटर. त्यांनी केलेली खरी क्रांती म्हणजे वस्तूवर किंमत चिकटवली आणि ती सगळ्यांना एकच ठेवली. चेंज अ‍ॅलीत तयार झालेल्या माझ्यासारखीला तिथे काही कामच उरत नाही. आमच्या वन्सं मात्र हार मानत नाहीत. बदाम, टायगर बाम आणि डझनभर नेलकटर काउंटरवर ठेवून त्या दर वेळी तिथल्या मुलाला शुद्ध मराठीत विचारतात, "काही कमी-जास्त नाही का रे?" आणि तो मान हलवत पावती फाडतो.